लांगकावीभोवती शिडाच्या बोटीनं: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या दोन हिवाळ्यांत आम्ही मलेशियाच्या लांगकावी बेटाला शिडाच्या बोटीनं फेरी मारून आलो. पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो. दुसऱ्यांदा दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं आणि ६८ वर्षांच्या काकूही सोबत आल्या. तेव्हापासून फोनवर, लग्नाच्या पंगतीत, अंबाझरीला फिरायला गेलं की तिथंही तेच ते प्रश्न विचारले जातात. प्रत्येकाला अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढलं आहे.

१. लांगकावी नेमकं कुठं आहे? आणि बोटीनं फिरायला हेच बेट का?

मलेशियाच्या वायव्य टोकाला, थायलंडच्या सीमेला अगदी लागून. अंदमानचा समुद्र आणि मलाक्काची सामुद्रधुनी इथं एकमेकांना भेटतात. एक मोठं बेट आणि भोवती लहान-लहान बेटं मिळून ९९ बेटांचा हा समूह आहे. ओहोटीला आणखी काही खडक डोकं वर काढतात. १९८७ पासून हे बेट जकातमुक्त आहे. २००७ मध्ये युनेस्कोनं त्याला जिओपार्कचा दर्जा दिला, आणि आग्नेय आशियात हा मान मिळवणारं ते पहिलं ठिकाण ठरलं.

आमच्यासाठी खरं कारण वेगळं होतं. इथली बेटं एकमेकांच्या आडोशाला आहेत. वारा वाढला किंवा कुणाला बरं वाटेनासं झालं, तर तास-दोन तासांत कुठल्या ना कुठल्या शांत खाडीत शिरता येतं. ज्यांचं सगळं आयुष्य समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर गेलं, त्यांना सुरुवातीला असाच समुद्र हवा.

नावाबद्दलही बरेच जण विचारतात. मलय भाषेत ‘हेलांग’ म्हणजे गरुड किंवा घार आणि ‘कावी’ म्हणजे तांबूस दगड, अशी नावाची फोड तिथले लोक सांगतात. आपल्याकडची अंगण सारवायची काव आठवा आणि आभाळात फिरणारी तांबूस ब्राह्मणी घार पाहा. नाव पटतं.

२. नागपूरहून जायचं कसं?

मुंबई, हैदराबाद किंवा चेन्नईमार्गे क्वालालंपूर, आणि तिथून तासाभराचं विमान लांगकावीला. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मध्ये भरपूर वेळ ठेवा, कारण सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. बोट ताब्यात घ्यायच्या आदल्या दिवशी पोहोचा आणि ती रात्र हॉटेलात काढा. रात्रभर जागून सकाळी थेट बोटीवर चढलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी बोट लागते. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. फेब्रुवारीत तिथं सूर्य साधारण साडेसातला उगवतो आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मावळतो.

३. व्हिसा लागतो का?

१ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. मात्र ही सवलत ठरावीक मुदतीची असते आणि वेळोवेळी वाढवली जाते. म्हणून तिकीट काढण्याआधी मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र भरायचं असतं. ते फुकट आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी.

४. मुलांना सुट्टी मे-जूनमध्ये असते. नागपूरच्या उन्हातून सुटका म्हणून तेव्हाच गेलं तर?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर ‘नको’ असं आहे. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीपर्यंत बंद असतात, म्हणून हा मोह होणं मी समजू शकते. पण मेपासून ऑक्टोबरपर्यंत तिथं नैर्ऋत्य मोसमी वारे असतात. पश्चिम किनाऱ्यावर लाटा आदळतात आणि नांगर टाकायच्या चांगल्या जागा निम्म्या होतात. त्याच काळात मलाक्काच्या सामुद्रधुनीत ‘सुमात्रा’ नावाची झोडपणारी वादळं येतात. ती बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे येतात, म्हणजे तुम्ही गाढ झोपेत असताना.

डिसेंबर ते मार्च हा मोसम उत्तम. वारा ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून येतो, त्यामुळे पश्चिमेकडचा समुद्र बेटाच्या आडोशाला राहतो. आभाळ बहुतेक मोकळं असतं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर पावसाची तयारी ठेवूनच जा. ते दिवस संधिकालाचे असतात, कधी सुरेख तर कधी दिवसभर झड. नाताळच्या सुट्टीत बोटींना मागणी फार असते, त्यामुळे पाच-सहा महिने आधी बुकिंग करा. आम्ही दोन्ही वेळा फेब्रुवारीत गेलो. मुलांची आठ दिवस शाळा बुडाली, त्याची मला खंत नाही.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना? दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई. नागपूरच्या मुलांनी हे फक्त परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. तिथं पहाटे जमिनीकडून ओल्या पाल्याचा वास घेऊन वारा आला आणि दुपारी तोच वारा मंदावत, फिरत, समुद्राकडून यायला लागला, तेव्हा ते दोन शब्द मला पहिल्यांदा अंगावर जाणवले. ईशान्य मोसमात सकाळी वारा जोरात आणि दुपारी सुस्त, असा साधारण क्रम असतो. म्हणून लवकर उठा आणि लवकर निघा.

५. आमच्यापैकी कुणालाच बोट चालवता येत नाही. तरी जमेल?

जमेल. स्किपरसह, म्हणजे बोट चालवणाऱ्या कप्तानासह, बोट भाड्यानं मिळते. नांगर, हवामान आणि वाट ही सगळी जबाबदारी स्किपरची असते. तुमची इच्छा असेल तर तो दोर ओढायला, सुकाणू धरायला शिकवतो. नुसती बोट घेऊन स्वतः चालवायची असेल तर मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आणि आधीचा अनुभव दाखवावा लागतो. पहिल्या सहलीला तरी तो विचार करू नका. शिकण्याबद्दल प्रश्न २१ पाहा.

एक विनंती आहे. स्किपरला ड्रायव्हरसारखं वागवू नका. बोटीवर त्याचा शब्द शेवटचा असतो, तो ‘आज निघायचं नाही’ म्हणाला की नाही. जेवायला त्याला आपल्यासोबत बसवा. आमचा स्किपर चाळिशीतला स्थानिक गृहस्थ होता. काकू त्याला पहिल्या दिवसापासून ‘भाऊ’ म्हणायच्या, आणि तिसऱ्या दिवशी तोही वळून ‘ओ’ द्यायला लागला.

६. पोहता येत नाही. खरं सांगा, भीती आहे का?

पोहता न येणाऱ्या माणसानं जाऊ नये असं मी म्हणणार नाही. काकूंना पोहता येत नाही. पण लाइफ जॅकेटच्या बाबतीत तडजोड नाही. बोट चालू असताना, डेकवर जाताना, लहान डिंगीत बसून किनाऱ्यावर जाताना ते घातलेलंच हवं. तलावावर फोटोपुरतं घालून नंतर मांडीवर ठेवायची आपली सवय तिथं चालणार नाही.

पहिल्याच दिवशी, धक्क्यावर बोट बांधलेली असतानाच, प्रत्येकानं आपापलं जॅकेट घालून बंद करून पाहावं. मुलांना मुलांच्याच मापाचं हवं, म्हणून बुकिंग करताना वजनं कळवा. चालताना एक हात नेहमी बोटीला धरलेला असावा. आणि बूमपासून डोकं सांभाळा. मोठ्या शिडाच्या खालची ही आडवी काठी वारा बदलला की क्षणात एका बाजूकडून दुसरीकडे फिरते. समुद्रात पडण्याइतकीच तीही धोक्याची आहे, फक्त तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

७. मला घाटातसुद्धा गाडी लागते. बोट लागेलच ना?

लागेलच असं नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतोय’ म्हणतो आणि डोळे ‘सगळं स्थिर आहे’ म्हणतात, या भांडणातून मळमळ होते. म्हणून केबिनमध्ये बसून मोबाइल पाहणं सगळ्यात वाईट. बाहेर बसा, क्षितिजावर नजर ठेवा, सुकाणू हातात घ्या. सुकाणू धरणाऱ्याला बोट सहसा लागत नाही. उपाशीपोटी निघू नका, पण तेलकटही खाऊ नका. आलेपाक किंवा आल्याचा तुकडा बऱ्याच जणांना मानवतो. गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि मळमळ सुरू होण्याआधी घ्या. सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवा.

८. एका सांगाड्याची बोट घ्यावी की कॅटामरान?

कुटुंबासाठी कॅटामरान. दोन सांगाड्यांवर उभी असल्यानं ती फारशी कलत नाही, जागा जास्त असते, म्हाताऱ्या माणसांना चढणं-उतरणं सोपं जातं. एका सांगाड्याची बोट वाऱ्यात एका अंगावर कलते आणि चहाचा कप घरंगळतो. पण वाऱ्याशी खरी ओळख तिच्यावरच होते. दोघंच असाल आणि कलण्याची भीती नसेल तर मी तीच घ्या म्हणेन.

९. बेटाला पूर्ण फेरी मारायला किती दिवस लागतात? वाट कशी असते?

सहा दिवस ठेवा. चार दिवसांतही होते, पण मग रोज धावपळ. शिडावर बोट ताशी पाच सागरी मैल, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर जाते. सायकलपेक्षाही हळू. रोज तीन-चार तासांपेक्षा जास्त जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ही वर्धा रोडवरून वेळेत पोहोचायची गोष्ट नाही.

आम्ही आग्नेयेकडच्या कुआ गावातून निघून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गेलो. पहिला मुक्काम दक्षिणेकडे दयांग बुंतिंग बेटाशी. नावाचा अर्थ ‘गर्भवती युवती’. तिथले डोंगर दुरून पाहिले तर उताण्या निजलेल्या गरोदर बाईसारखे दिसतात. बेटाच्या पोटात गोड्या पाण्याचं तळं आहे. ते आणि समुद्र यांच्यात चुनखडीची एक अरुंद भिंत तेवढी आहे. त्या तळ्याचं पाणी प्यायल्यानं मूल होतं अशी जुनी समजूत आहे. सकाळी नऊच्या आत गेलात तर तळं तुमचं एकट्याचं असतं. दहानंतर मोटारबोटी माणसं आणून ओततात.

मग सिंगा बेसार आणि बेरास बासाह. पहिल्याचा अर्थ ‘मोठा सिंह’, आपलाच सिंह तिकडे जाऊन ‘सिंगा’ झाला आहे. दुसऱ्याचा अर्थ ‘ओले तांदूळ’. हा अर्थ कळल्यावर काकूंनी त्या दिवशी मुद्दाम खिचडी टाकली.

तिथून पश्चिमेला रेबाक बेट आणि तेलागा बंदर. तेलागाच्या डोक्यावर माचिंचांगचा डोंगर उभा आहे. हा वालुकाश्म पन्नास कोटी वर्षांहून जुना, मलेशियातल्या सगळ्यात जुन्या खडकांपैकी. केबलगाडीनं वर जाता येतं. इथं एक रात्र धक्क्याला बांधून राहा, पाणी भरा, कपडे धुवा.

वायव्येचं टोक वळून उत्तर किनाऱ्यावर आलं की वारा समोरून येतो. हाच एक टप्पा मेहनतीचा आहे. तांजुंग रूचा किनारा गाठायला आम्हाला अख्खी सकाळ लागली. तिथली वाळू ओहोटीला इतकी लांब उघडी पडते की मुलं समोरच्या छोट्या बेटाकडे चालत निघाली होती. पुढे ईशान्येला किलिमची खारफुटी. दोन्हीकडे चुनखडीचे उभे कडे आणि मध्ये हिरवं, जाड, न हलणारं पाणी. आम्ही तिथं दोन रात्री राहिलो आणि दुसऱ्या दिवशी काहीही केलं नाही. शेवटचा दिवस पूर्व किनाऱ्यानं परत कुआला, वारा पाठीशी घेऊन.

१०. वारा समोरून आला तर शिडाची बोट पुढं जाईलच कशी?

पतंग उडवला आहे ना संक्रांतीला? मग हे अर्धं तुम्हाला येतंच. कटलेला पतंग वारा नेईल तिकडे जातो. मांजा धरलेला पतंग मात्र वाऱ्यावर चढतो. बोटीखाली पाण्यात उतरलेली कील म्हणजे तिचा मांजा. वारा बोटीला बाजूला ढकलू पाहतो, कील तिला सरकू देत नाही, आणि फुगलेल्या शिडावर विमानाच्या पंखासारखा जो जोर तयार होतो तो तिला पुढे ओढतो. अगदी वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. साधारण ४५ अंश सोडून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, अशी नागमोडी वाट काढायची.

शिडाचा दोर हातात आला तेव्हा दादाचा धाकटा मुलगा, बारा वर्षांचा, स्किपरनं काही सांगायच्या आत दोर सैल सोडायला लागला. शीड फडफडलं, मग त्यानं जरासं खेचताच पोट भरून फुगलं, आणि बोटीखालून पाण्याचा आवाज बदलला. ‘ढील द्यायची असते ना?’ त्यानं विचारलं. अगदी तेच. फडफडेपर्यंत ढील, मग फडफड थांबेपर्यंतच खेच. जास्त खेचलं की वेग मरतो. गच्चीवर चक्री धरून शिकलेलं पोरगं होतं ते.

फक्त एक फरक. इथल्या दोरावर माणसाला ओढून नेण्याइतका जोर असतो. दोर हाताला गुंडाळायचा नाही, आणि विंचच्या, म्हणजे दोर खेचायच्या चरकाच्या, जवळ बोटं न्यायची नाहीत.

११. भरती-ओहोटी आम्हाला कळत नाही. पंचांगावरून काही समजतं का?

बरंच समजतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे फरक कमी. कोकणातल्या माणसाला हे तोंडपाठ असतं, आपण नव्यानं शिकायचं. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. लांगकावीत उधाणाला पाण्याची पातळी अडीच-तीन मीटर बदलते, म्हणजे घराच्या एका मजल्याएवढी. नेमक्या वेळा मात्र तिथल्या भरतीच्या तक्त्यावरूनच घ्या. तिथीवरून फक्त उधाण की भांग एवढंच ठरवा. खारफुटीत उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरात असतो, डिंगीतून जाताना ध्यानात ठेवा.

१२. रात्री झोपेत बोट वाहून गेली तर?

नांगर नीट टाकला असेल तर जात नाही. पण तो नीट टाकला आहे का हे समजून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. हिशेब सोपा आहे. पाण्याची खोली ६ मीटर, भरतीला आणखी अडीच, पाण्यापासून बोटीच्या नाकाची उंची दीड. एकूण १०. त्याच्या पाचपट, म्हणजे ५० मीटर साखळी सोडायची. साखळी तळावर आडवी पडली की ओढ आडवी येते आणि नांगर चिखलात रुततो. कमी सोडली तर ओढ वरून येते आणि नांगर उपटतो.

नंतर किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचा एक कडा एका रेषेत धरून ठेवा. तासाभरानं रेषा तीच असेल तर शांत झोपा. स्किपर जीपीएसचा गजर लावतोच, तरी मला ते झाड पाहिल्याशिवाय झोप येत नसे.

१३. शाकाहारी आहोत. आणि सावजी मसाला नेता येईल का?

बोटीवर गॅस आणि ओटा असतो, शेगडी बोटीबरोबर झुलते. पहिल्या दिवशी कुआच्या बाजारातून तांदूळ, डाळ, भाजी, दही, नारळ सगळं भरता येतं. भारतीय किराणाही मिळतो. कोरडे मसाले थोडे, कंपनीच्या बंद पाकिटात न्या आणि विचारलं तर दाखवा. संत्री नेऊ नका. ताजी फळं परवान्याशिवाय तिथं नेता येत नाहीत, आपली पिशवी विमानतळावरच ठेवून घेतील.

बाहेर खाताना काळजी घ्या. मलय जेवणातल्या लाल चटणीत, ‘सांबाल’मध्ये, बहुतेक वेळा सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते. ‘नासी लेमाक’ या नारळाच्या दुधातल्या भातावर सुके मासे असतात. ‘मांस नाही’ एवढं सांगून भागत नाही, मासे-कोळंबीही नको असं स्पष्ट सांगा. रोटी चनाई आणि डाळ हा भरवशाचा नाश्ता, फक्त सोबतची रस्सा-वाटी कशाची आहे ते विचारून घ्या. दुपारी बोट चालू असताना स्वयंपाक करू नका. सकाळीच पोळ्या आणि सुकी भाजी करून ठेवा.

१४. पाणी, संडास, लाइट यांचं काय?

पाणी टाकीतलं, मोजकं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या नागपूरकराला ते वापरणं शिकवावं लागत नाही. अंघोळ समुद्रात, आणि शेवटी दोन तांबे गोडं पाणी. पिण्याचं पाणी वेगळं बाटल्यांत घ्या.

संडास पंपाचा असतो. त्यात कागद, सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स काहीही टाकायचं नाही, तुंबला तर सगळ्यांची सहल बिघडते. बायकांनी बंद होणाऱ्या पिशव्या सोबत ठेवाव्यात. यात लाजण्यासारखं काही नाही, पहिल्याच दिवशी सगळ्यांना नीट सांगून टाका. मोबाइल चार्ज होतो. एसी धक्क्याला वीज जोडली तरच चालतो. तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, अडॅप्टर न्या.

१५. सामान कसं न्यावं?

मऊ पिशवीत. कडक चाकांची सुटकेस ठेवायला बोटीवर जागा नसते. पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे, गळ्यात दोरीनं अडकणारी टोपी, गॉगल, सनस्क्रीन, विजेरी, नेहमीची औषधं चिठ्ठीसकट. बोटीवर अनवाणी. गावात उतरताना गुडघ्याखालचे कपडे घाला, मुस्लिम बहुसंख्य वस्ती आहे आणि लोक मायाळू आहेत. लांगकावी ज्यात येतं त्या केदाह राज्यात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, बँकेचं काम त्याप्रमाणे काढा.

१६. खर्च कशाकशाचा धरायचा?

बोटीचं भाडं, स्किपरचे दिवसाचे पैसे आणि त्याचं जेवण, डिझेल, बंदरात बांधून राहिलात तर त्या रात्रीचं शुल्क, किराणा, आणि अनामत रक्कम. शेवटच्या दोन गोष्टी लोक विसरतात. अनामत क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात आणि ती बरीच मोठी असते, कार्डाची मर्यादा आधी पाहा. बोट घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा. प्रवास विम्यात शिडाच्या बोटीचा प्रवास धरला आहे का, हे पॉलिसीत वाचा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. सात जणांत वाटल्यावर आमचा दर माणशी खर्च तिथल्या बऱ्या हॉटेलात तितके दिवस राहण्याच्या आसपास आला.

१७. एक दिवसाची ‘सेलिंग टूर’ स्वस्तात मिळते. तीच केली तर?

चाचणी म्हणून चांगली आहे, पण विचारून घ्या. पहिल्या खेपेला आम्हीही अशी एक घेतली होती. चांगला वारा होता, तरी चार तासांत शीड एकदाही उघडलं नाही. इंजिनाचा धूर आणि मोठ्यानं गाणी. मला रडू आलं होतं, इतक्या लांबून त्यासाठीच आलो होतो. म्हणून बुकिंग करताना लेखी विचारा: वारा असेल तर शीड उघडणार का, बोटीवर किती माणसं असतील, गाणी लावणार का.

१८. पाणी फोटोंतल्यासारखं निळंशार असतं का?

नाही. लांगकावीजवळचं पाणी हिरवट आणि गढूळसर आहे. खारफुटी आणि सामुद्रधुनीचा गाळ, ही त्याची कारणं. प्रवाळ पाहायचे असतील तर दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर पुलाउ पायार हे संरक्षित सागरी उद्यान आहे, तिथं वेगळी सहल करा.

पोहताना जेलीफिशची काळजी घ्या. काही जाती जीवघेण्या असतात. पूर्ण अंग झाकणारे कपडे घाला, आधी स्किपरला विचारा, आणि बोटीवर व्हिनेगरची बाटली ठेवा. डंख झाला तर चोळू नका, भरपूर व्हिनेगर ओता आणि ताबडतोब वैद्यकीय मदत मागवा. आणीबाणीचा फोन ९९९, बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६. हे दोन्ही कुणीतरी एकानं नाही, सगळ्यांनी पाठ करावं.

१९. किलिममध्ये घारींना खायला घालतात म्हणे. आम्हीही घालावं का?

कृपा करून नको. मोटारबोटी कोंबडीची कातडी पाण्यात फेकतात आणि शंभर घारी झेपावतात, फोटो छान येतो. पण घारी शिकार सोडून त्या उष्ट्यावर अवलंबून राहतात. नांगर टाकून गप्प बसलात तर घार स्वतःहून येते. आमच्यापासून वीस फुटांवर एकीनं पाण्यातून मासा उचलला, पायांच्या नख्यांतून पाणी ठिबकत होतं. दयांग बुंतिंगच्या माकडांनाही काही देऊ नका. हातातली प्लास्टिकची पिशवी ती हिसकावतातच.

२०. किती लहान मूल आणि किती म्हातारं माणूस नेता येईल?

वयापेक्षा दोन गोष्टी पाहा. सांगितलेलं ऐकतं का, आणि डिंगीतून बोटीवर चढायची शिडी चढू शकतं का. गुडघ्याचं ऑपरेशन ताजं असेल, किंवा कधीही रुग्णालयाची गरज पडू शकेल असा आजार असेल, तर किनाऱ्यावर हॉटेल घेऊन एक-एक दिवसाची फेरी करा. धावतं, हट्टी तीन वर्षांचं मूल असेल तर एक मोठं माणूस दिवसभर फक्त त्याच्यामागे लागतं. पोहता न येणाऱ्यांसाठी प्रश्न ६ आहेच.

२१. जाण्याआधी थोडं शिकायचं आहे. नागपूरच्या जवळ कुठं?

भोपाळचा बडा तालाब. रेल्वेनं सहा-सात तास. तिथं शिडाच्या होड्यांचं प्रशिक्षण चालतं. हैदराबादच्या हुसेनसागरातही शिडाच्या होड्या असतात, ‘हैदराबाद सेलिंग वीक’ ही स्पर्धा तिथलीच. समुद्र लागतोच असं नाही, वारा आणि पाणी पुरतं.

आणि मुलांना कमांडर दिलीप दोंदे यांच्याबद्दल जरूर सांगा. या मराठी माणसानं २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. फक्त चार ठिकाणी थांबले.

२२. उत्तरेला समोरच थायलंडचं तारुताओ बेट दिसतं. जाऊन यायला काय हरकत आहे?

हरकत मोठी आहे. दिसायला ते हाताच्या अंतरावर असलं तरी मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आहे. मलेशियातून रीतसर बाहेर पडल्याची आणि थायलंडमध्ये शिरल्याची नोंद, माणसांची आणि बोटीचीही, करावी लागते. शिवाय भाड्याच्या बोटीच्या करारात आणि विम्यात ते बसायला हवं. बुकिंगच्या वेळी ठरवलं असेल तरच जा. ऐनवेळी स्किपरला गळ घालू नका, त्याचं पोट त्या परवान्यावर चालतं.

२३. वारा सुटलाच नाही तर? किंवा फार वाढला तर?

सुटलाच नाही तर इंजिन आहे. पण लगेच सुरू करू नका. अर्धा तास थांबा, पाण्यावर दूर कुठं गडद सुरकुत्या दिसतात का पाहा, वारा तिथून येतो. वाढला तर शीड लहान करतात, आणि ते ‘आता करावं का’ असं मनात आल्याबरोबर करतात, नंतर नाही. रात्री प्रवास नको. मासेमारीची जाळी आणि दोर पाण्यात असतात, अंधारात ते पंख्यात अडकतात.

२४. मध्येच कुणाला परत यावं लागलं तर?

हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही, पण मी मुद्दाम घालते आहे. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या रात्री वहिनीच्या माहेरून फोन आला, तिच्या वडिलांना दवाखान्यात दाखल केलं होतं. आम्ही रेबाकजवळ होतो. विमानतळ पश्चिम किनाऱ्यालगतच, तेलागापासून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर आहे. पहाटे स्किपरनं इंजिन लावून तेलागा गाठलं, दादा-वहिनी सकाळच्या विमानानं निघाले आणि रात्री उशिरा नागपुरात पोहोचले. मुलं आमच्याजवळ राहिली. वडील आता बरे आहेत.

म्हणून पश्चिम किनारा सहलीच्या मध्यावर येईल अशी वाट आखा. प्रत्येकाचा पासपोर्ट त्याच्या स्वतःच्या पिशवीत ठेवा, सगळ्यांचे एकत्र नको. आणि घरच्यांना बोटीचा नाही, स्किपरच्या कार्यालयाचा नंबर देऊन जा. खारफुटीत कड्यांच्या आड मोबाइलला रेंज नसते.